रंगीत तालीम

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विषयही देऊन टाकला होता. ‘तू डॉक्टर आहेस, बीपी-शुगरवर बोल. सगळ्यांना लागू आहे.’ समोर बघितल्यावर त्यांचं म्हणणं खरं वाटतंय. पण बीपी-शुगरवर तुम्हाला रोज घरी ऐकायला मिळतं. मी आज दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलणार आहे. ती गोष्ट मी डॉक्टर झाल्यावर शिकलो असं मला बरीच वर्षं वाटत होतं. प्रत्यक्षात ती मी याच शाळेत, याच हॉलमध्ये नववीत असताना शिकलो होतो.

आठवतंय का, नववीच्या गॅदरिंगला आपण एक ऐतिहासिक नाटुकलं बसवलं होतं? मला हेराचं काम होतं. वाक्यं एकूण चार. रंगीत तालमीच्या दिवशी मी चारातलं तिसरं वाक्य विसरलो, मिशी घामानं सुटून हातात आली आणि घाबरून मी राजांच्याच अंगावर जाऊन पडलो. सगळे हसले. नाटक बसवणारे सर मात्र हसले नाहीत की रागावलेही नाहीत. म्हणाले, ‘बरं झालं आज पडलास. आता कुठं पाय अडकला ते बघ आणि परत ये.’ पुन्हा केलं. पुन्हा अडकलो. सरांनी सतरंजी सरकवून घेतली, मिशीला दुसरा डिंक लावला आणि सहाव्यांदा मी नीट आलो. दुसऱ्या दिवशी गावासमोर काही चुकलं नाही.

‘तालीम’ हा शब्द आपण नाटकाला वापरतो आणि पैलवानाच्या आखाड्यालाही वापरतो. दोन्ही ठिकाणी अर्थ एकच: जिथं पडलं तर चालतं अशी जागा. आज मी ज्या कामावर बोलणार आहे त्याला इंग्रजीत सिम्युलेशन म्हणतात. मी आमच्या पोरांना सरळ तालीम म्हणूनच सांगतो. ऑपरेशनची तालीम.

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टर तर आधीपासून शिकूनच येतात की. शिकतात. पण आमच्या पिढीत सर्जरी शिकायची पद्धत अशी होती की एक ऑपरेशन बघायचं, दुसरं करायचं आणि तिसरं दुसऱ्याला शिकवायचं. हे वाक्य जगभरातल्या सर्जनांना पाठ आहे आणि आम्ही ते अभिमानानं सांगायचो. त्यातलं ‘दुसरं करायचं’ हे कुणावर, हा प्रश्न कुणी विचारत नव्हतं.

तो प्रश्न मला एका रात्री विचारला गेला. ही गोष्ट मी या आधी कुठंही बोललेलो नाही. आज बोलतो, कारण इथं मला ‘सर’ म्हणणारं कुणी नाही.

सर्जरीच्या रेसिडेन्सीचं माझं पहिलं वर्ष होतं. सरकारी रुग्णालय, नाव सांगत नाही. कापूस वेचणीचे दिवस होते. जिंतूरकडच्या एक बाई अपेंडिक्स सुजून रात्री आल्या. चाळिशीच्या असतील, सोबत मुलगा. फॉर्म भरताना मी गाव विचारलं, मग आपलं गाव सांगितलं. त्यांचा चेहराच बदलला. दुखत असताना हसल्या. टेबलावर घेतल्यावर आमचे वरिष्ठ म्हणाले, ‘मावशी, हा नवीन डॉक्टर आहे, मी शेजारी उभा आहे.’ तर त्या म्हणाल्या, ‘आपल्याच भागातलं लेकरू हाय, करू द्या त्यालाच.’

मी केलं. अपेंडिक्सला रक्त पुरवणारी एक छोटी धमनी असते. ती दोऱ्यानं बांधून मग कापायची असते. बांधली, कापली, पोट शिवलं. वरिष्ठांनी पाठ थोपटली.

पहाटे तीनला सिस्टरनं उठवलं. बाईंची नाडी पळत होती, बीपी उतरलं होतं, पोट फुगलं होतं, ओठ पांढरे पडले होते. पुन्हा टेबलावर घेतलं. पोट उघडल्यावर आत रक्त साचलेलं होतं आणि मी मारलेली गाठ धमनीवरून सरकून बाजूला पडली होती. वरिष्ठांनी दोन मिनिटांत ती धमनी पुन्हा बांधली. रक्ताच्या दोन बाटल्या लागल्या. एक मुलानं दिली, एक आमच्या होस्टेलच्या पोरानं.

आपण शेतकऱ्यांची पोरं. सुरगाठ आणि निरगाठ यातला फरक तुम्हाला सांगायला नको. बैलाचं दावं सुरगाठीनं बांधलं तर सकाळी बैल दुसऱ्याच्या शेतात सापडतो. सर्जनच्या गाठीचंही तसंच आहे. दोन फेऱ्या उलटसुलट दिशेनं घालून दोन्ही टोकांना सारखा ताण दिला तर गाठ चपटी, चौकोनी बसते आणि हलत नाही. दोन्ही फेऱ्या एकाच दिशेनं पडल्या किंवा एकच टोक जास्त ओढलं गेलं, तर वरून तशीच दिसणारी गाठ खरं तर सरकती असते. मी घाईत एकच टोक ओढलं होतं. पुस्तकातली आकृती मला पाठ होती. पण खोल जागेत, ओल्या मोज्यांनी, घाबरलेल्या बोटांनी ती गाठ मी त्या दिवसापर्यंत फार तर दहा वेळा मारली असेल. आणि त्या दहाही वेळा जिवंत माणसावर.

बाई वाचल्या. बाराव्या दिवशी घरी गेल्या. टाके काढायला आल्या तेव्हा माझ्यासाठी फडक्यात बांधून हुरडा घेऊन आल्या होत्या. डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, ‘तुझ्यामुळं वाचले रे बाबा.’ मी त्यांना सांगितलं नाही की तुम्ही माझ्यामुळंच मरत होतात. त्या वेळी धाडस झालं नाही, आणि नंतर त्यांचा पत्ता असूनही मी कधी गेलो नाही. तो हुरडा मी होस्टेलच्या मामाला देऊन टाकला.

दुसऱ्या दिवसापासून मी पलंगाच्या गजाला, खुर्चीच्या हाताला, ॲप्रनच्या बटणाला गाठी मारायला लागलो. रोज शंभर. डोळे मिटून, डाव्या हातानं, हात ओले करून. महिन्याभरात बोटं आपोआप चालायला लागली. पण मनात एकच होतं: हे मी महिनाभर आधी का केलं नाही? मला कुणी करायला का लावलं नाही?

यात नवीन काहीच नाही हे मला पुढं कळलं. आपल्याकडच्या सुश्रुतसंहितेत या सरावावर एक अख्खा अध्याय आहे. तिथं या सरावाला ‘योग्या’ म्हटलं आहे. कापायचं शिकायचं तर कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी घ्या. फोडायचं शिकायचं तर पाण्यानं भरलेली चामड्याची पिशवी घ्या. खरवडायचं तर केसाळ ताणलेलं कातडं. शिरेला वेध घ्यायचा तर मेलेल्या जनावराची शीर किंवा कमळाचा देठ. शिवायचं तर कापड आणि मऊ कातडं. पट्टी बांधायची तर माणसाच्या आकाराचा पुतळा. आणि वर बजावलं आहे की कितीही ग्रंथ वाचलेला विद्यार्थी असला तरी हा सराव न केलेला असेल तर तो प्रत्यक्ष कामाला अयोग्यच. आपण सुश्रुताचं नाव प्लास्टिक सर्जरीच्या अभिमानासाठी घेतो. त्याचा हा गृहपाठ मात्र विसरलो.

विमानवाल्यांनी तो विसरला नाही. एडविन लिंक नावाच्या अमेरिकन माणसानं १९२९ मध्ये जमिनीवरच्या जमिनीवर हलणारी खोटी कॉकपिट बनवली. आज कुठलाही वैमानिक खोट्या विमानात शेकडो वेळा पडल्याशिवाय खऱ्या विमानात प्रवासी घेऊन बसत नाही. आपण तिकीट काढताना हे गृहीतच धरतो. ऑपरेशनच्या टेबलावर झोपताना मात्र विचारत नाही.

सर्जरीत जाग आली ती दुर्बिणीच्या ऑपरेशनांमुळं. भारतात पित्ताशयाचं पहिलं दुर्बिणीचं ऑपरेशन डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केलं, एका सरकारी रुग्णालयात, हे मुद्दाम सांगतो. ही शस्त्रक्रिया रुग्णाला सोपी आणि सर्जनला अवघड. हात पोटाच्या बाहेर, काम आत, आणि नजर तिसरीकडं पडद्यावर. पडदा सपाट, त्यामुळं खोली कळत नाही. अवजार पोटाच्या भिंतीतल्या छिद्रावर टेकलेलं, त्यामुळं हात डावीकडं नेला की टोक उजवीकडं जातं. बोटांना स्पर्श जवळपास कळत नाही. वीस वर्षं पोट उघडून ऑपरेशन करणारे मोठमोठे सर्जन पहिल्या दिवशी नवशिके झाले. मग लोकांनी डबे आणले. डब्याला छिद्रं पाडायची, आत कॅमेरा लावायचा आणि बाहेरून अवजारं घालून आतल्या वस्तू उचलायच्या. याला आम्ही एंडोट्रेनर म्हणतो.

याचा खरंच उपयोग होतो का, हे अमेरिकेतल्या येल विद्यापीठात तपासलं गेलं. २००२ साली ते छापून आलं. १६ शिकाऊ सर्जन घेतले. निम्म्यांना नेहमीसारखं शिकवलं, निम्म्यांकडून आधी संगणकावरच्या आभासी यंत्रावर तालीम करून घेतली. मग सगळ्यांना खरं पित्ताशयाचं ऑपरेशन करायला लावलं. तालीम केलेल्यांचं काम २९ टक्के लवकर झालं आणि दुसऱ्या गटाच्या चुका सहापट निघाल्या. मला तो पेपर वाचताना बाराव्या दिवशी घरी गेलेल्या त्या बाई दिसत होत्या.

आता माझ्या सध्याच्या रुग्णालयाकडं येतो. सरकारीच आहे, गर्दीचं आहे. सकाळची ओपीडी दुपारी संपत नाही, ऑपरेशनची यादी संध्याकाळी संपत नाही, आणि रात्री अपघात, साप, भाजलेले, अडलेल्या बायका. तिथं मी तालमीची खोली मागितली तेव्हा एक वरिष्ठ म्हणाले, ‘इथं पेशंट जमिनीवर झोपलेत आणि तुम्हाला पोरांना खेळणी द्यायचीत?’ त्यांचं चुकलं नव्हतं. गर्दीच्या दवाखान्यात वेळ हीच सगळ्यात महाग गोष्ट. मी म्हणालो, ‘सर, शिकायला पेशंट भरपूर आहेत असं आपण म्हणतो. गर्दी असल्यामुळंच शिकवायला वेळ नाही. मग पोरगं शिकतं कुठं? पेशंटच्या पोटात.’

शेवटी ऑपरेशन थिएटरशेजारची चादरी ठेवायची जुनी खोली मिळाली. पैसे नव्हते. आणि इथं आपल्या बॅचचा संबंध येतो. कपडे ठेवायचे प्लास्टिकचे मोठे डबे घेतले, त्याला छिद्रं पाडून आत एलईडी पट्टी आणि वेबकॅम बसवून दिला आपल्या वर्गातल्या एका इलेक्ट्रिशियन मित्रानं. हर्नियाचं मॉडेल केलं आपल्या टेलर मित्रानं. कातडीला जाड कापड, स्नायूला लाल, आतल्या पडद्याला अस्तर, असे एकावर एक थर शिवून दिले. मी फक्त चित्र काढून दिलं होतं. त्यानं विचारलं, ‘पोटात खरंच एवढे थर असतात?’ म्हटलं, असतात. ‘मग तुझं काम माझ्यासारखंच आहे की रे!’ तिसरा मित्र मटणाच्या दुकानातून बकऱ्याचं आतडं स्वच्छ धुवून बर्फात पाठवतो. आतड्याला आतडं जोडणं शिकायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. जोडून झालं की पाणी भरून दाबायचं. गळालं की पुन्हा. पेशंटमध्ये गळालं असतं तर पाचव्या दिवशी कळलं असतं, इथं पाचव्या मिनिटाला कळतं.

डब्यात सुरुवातीला पोरं काय करतात? सहा छोटी रबरी कड्या एका खुंट्यांवरून दुसऱ्या खुंट्यांवर नेतात, एका हातातून दुसऱ्या हातात देत. मग हातमोज्यावर काढलेलं वर्तुळ रेषेवरून कापायचं. मग आत टाका घालून गाठ मारायची. पहिल्या दिवशी एमबीबीएसला सुवर्णपदक मिळवलेला मुलगा पाच मिनिटांत दोन कड्या उचलू शकला नाही आणि त्याला रडू आलं. मी त्याला माझी मिशी सुटल्याची गोष्ट सांगितली.

आमचे नियम तीनच. पहिला, रोज पंधरा मिनिटं, महिन्यातून एक अख्खा दिवस नाही. टोरांटोत २००६ साली ३८ शिकाऊ सर्जनांवर अभ्यास झाला. तेच तास, पण एका गटाला एका दिवसात आणि दुसऱ्याला चार आठवड्यांत वाटून. महिन्यानंतर वाटून शिकलेल्यांचं काम सरस निघालं. आपल्या बाईंना हे अभ्यासाशिवाय माहीत होतं. ‘परीक्षेच्या आदल्या रात्रीचा अभ्यास पेपरबरोबरच संपतो’ म्हणायच्या. दुसरा नियम, एकट्यानं सराव करायचा नाही. कुणीतरी बघणारं पाहिजे, कारण चुकीची गाठ शंभर वेळा मारली तर ती चूक पक्की होते. तिसरा नियम सगळ्यात अवघड: खोलीत जमल्याशिवाय टेबलावर हात लावायचा नाही. याला वशिला नाही. या नियमामुळं माझ्यावर रागावलेली मुलं आहेत.

पण तालमीनं खरा डोळा उघडला तो दुसऱ्याच गोष्टीत. बाळंतपणानंतर अंगावरून फार रक्त जातं, त्याची तालीम आम्ही प्रसूती वॉर्डातच केली. एक सिस्टर पेशंट होऊन झोपली, बादलीत लाल रंगाचं पाणी, घड्याळ लावलं. डॉक्टर, सिस्टर, मामा, मावशी सगळे खरे. आणि काय निघालं? गर्भाशय आवळून धरणारं इंजेक्शन फ्रीजमध्ये, फ्रीजला कुलूप आणि चावी ज्या सिस्टरच्या खिशात ती चहाला गेलेली. डॉक्टर ओरडले, ‘कुणीतरी रक्त आणा!’ सहा जण होते, सहाही जण जागेवर. लग्नात ‘कुणीतरी पाणी द्या’ म्हटलं की काय होतं, तसंच. शेवटी मामा धावले, तर अर्ध्या जिन्यात त्यांच्या लक्षात आलं की फॉर्मवर सही नाही.

यात एकाही माणसाचं ज्ञान कमी नव्हतं. सगळ्यांना औषधाचा डोस पाठ होता. दुसऱ्या दिवशी एक लाल डबा तयार झाला, कुलूप नसलेला. त्यात थंडाव्यात न ठेवावी लागणारी औषधं, सलाईनच्या सुया आणि आधीच सही केलेला फॉर्म. फ्रीजची चावी दाराशेजारच्या खिळ्याला. आणि नियम झाला: ‘कुणीतरी’ म्हणायचं नाही, नाव घेऊन सांगायचं आणि ज्याला सांगितलं त्यानं मोठ्यानं परत म्हणायचं. त्या दिवशी सगळ्यात उपयोगी सूचना एका मावशींनी केली होती. एरवी त्यांना कुणी विचारलं नसतं.

तालमीच्या मर्यादाही सांगतो. कापडाच्या थराला रक्त येत नाही. डब्यातली कडी पडली तर तिचा मुलगा दाराबाहेर उभा नसतो. माणसाच्या पोटातली ऊब, घाबरलेला भूलतज्ज्ञ, अचानक वेगळीच निघालेली शिरेची वाट, हे सगळं गुरूच्या शेजारी उभं राहूनच शिकावं लागतं. आणि महागडं यंत्र आणलं म्हणजे तालीम झाली असंही नाही. कव्हर घालून कुलूपबंद ठेवलेली यंत्रं मी पाहिली आहेत. शिकवायला माणूस नसेल तर लाखांचं यंत्र आणि प्लास्टिकचा डबा सारखेच.

परभणीला २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. आपल्या वेळी डॉक्टर व्हायचं तर अंबाजोगाई, नांदेड किंवा औरंगाबादला जावं लागायचं. आता गंगाखेड, पूर्णा, पाथरीची पोरं आपल्याच जिल्ह्यात शिकतील. २०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात कौशल्य प्रयोगशाळा असायलाच हवी असं आहे, ही चांगली गोष्ट. ती जिवंत ठेवायला टेलर, इलेक्ट्रिशियन, मटणवाला अशी गावातली माणसं लागतील. आपल्या बॅचमध्ये ती आहेत. मी निवृत्त झालो की तिथं मोफत शिकवायला जाण्याची तयारी ठेवली आहे. तुम्ही सोबत या, एवढीच विनंती.

आणि एक तालीम आत्ता, जेवणाआधी. मागच्या बाकांवर आठ जाड उशा ठेवल्या आहेत. समोरचा माणूस अचानक कोसळला, हाक मारून उठत नाही, श्वास घेत नाही, तर एकाचं नाव घेऊन त्याला १०८ ला फोन करायला सांगायचं आणि आपण छातीच्या मधोमध तळहात ठेवून दाबायला लागायचं. किमान पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, गाडी येईपर्यंत. आपल्या वयाला हे बीपी-शुगरइतकंच लागू आहे. वाचून येत नाही. उशीवर चुकलात तर उशी काही म्हणणार नाही.

त्या बाईंबद्दल शेवटचं. त्या हयात असतील तर आज सत्तरीच्या आसपास असतील. मागच्या वर्षी आमच्याकडं पहिल्या वर्षाची एक मुलगी आली, आपल्याच जिल्ह्यातली. पहिलं अपेंडिक्स करण्याआधी तिनं खोलीत दीड महिना गाठी मारल्या होत्या. टेबलावर मी शेजारी उभा होतो. तिनं धमनी बांधली. मी चिमट्यानं गाठ ओढून बघितली. हलली नाही. तिला वाटलं मी तिची परीक्षा घेतोय.

सर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगतो: तिसरं वाक्य मला अजून पाठ आहे.

चला, उशांकडं.